चौथरा अडीच फूट, उंबरठा चार इंच आणि आईची चाकाची खुर्ची: दारं-खिडक्या बदलताना काय करू?

माशेलची_लेक | १८ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

गोव्यात माशेलजवळ आमचं जुनं घर आहे. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे सोपा (ओसरी), मध्ये लहानसं राजांगण (आतलं अंगण). मागच्या बाजूला वडिलांनी १९९४ साली स्लॅबच्या दोन खोल्या वाढवल्या. गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण वय ७९. आता घरात वॉकर, जरा लांब जायचं तर चाकाची खुर्ची. उजव्या हाताच्या बोटांना संधिवात आहे, त्यामुळे गोल मूठ फिरवता येत नाही. परवा पाहिलं, ती दोन्ही तळवे मुठीवर दाबून दार उघडायला बघत होती. मूठ नुसती तळव्याखालून सरकत होती. मी उठून उघडलं तर म्हणाली, "राहू दे, मला काही बाहेर जायचं नव्हतं." तेव्हापासून डोक्यात तेच आहे. जूनच्या आत घर असं करायचंय की तिला आपलं दार, आपलं जनेल (खिडकी) आपल्या हाताने उघडता येईल.

अडचणी अशा. चौथरा अडीच फूट उंच आहे. मुख्य दार दोन पाखांचं, एक पाख उघडलं तर खुर्ची जात नाही. उंबरठा चार इंच. आईची खोली स्लॅबखालची, पश्चिमेची. मार्चपासून तिथे बसवत नाही, म्हणून एसी लावावा लागतो आणि सगळं बंद ठेवावं लागतं. खिडक्या जुन्या, लाकूड फुगलेलं. यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) लावू की अ‍ॅल्युमिनियम की पुन्हा लाकूडच? आणि गोव्यात इन्सुलेशन वगैरे करतात का कुणी?

पावळीखाली | १८ जानेवारी, रात्री १०.०५

ताई, आधी घराच्या चारी बाजूंनी जमीन मोजा. आपल्याकडे घरं उताराला बांधलेली असतात. पुढे अडीच फूट असलं तरी कुठेतरी एक बाजू नक्की वर असेल.

चिरेबंदी | १९ जानेवारी, सकाळी ७.१५

फोंडा तालुक्यात तीस वर्षं बांधकामं करतोय, त्या भरवशावर सांगतो. रॅम्पचा उतार १ ला १२ धरायचा. एक इंच चढायला बारा इंच लांबी. तुमच्या अडीच फुटांना तीस फूट रॅम्प लागेल आणि मध्ये खुर्ची थांबवायला सपाट जागा वेगळी. जागा वाचवायला लोक १ ला ६ करतात आणि मग पावसात शेवाळ धरलं की ती घसरगुंडी होते. तसं अजिबात करू नका. पावळीखाली म्हणतात ते बरोबर आहे, बाजू मोजा.

इन्सुलेशनचं नंतर लिहितो, साइटवर निघालोय.

दोनचाकी_पर्वरी | १९ जानेवारी, दुपारी १.३०

मी अकरा वर्षं व्हीलचेअर वापरतो, त्यामुळे हा धागा माझाच आहे असं समजून लिहितो.

दाराची रुंदी म्हणजे चौकटीची रुंदी नव्हे. दार पूर्ण उघडल्यावर मधून मोकळी जागा किती राहते ते मोजायचं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही मोकळी जागा ९०० मिमी सांगितली आहे. खुर्ची साडेसहाशे-सातशे मिमीची असते हे खरं, पण चाक हाताने ढकलताना कोपरं बाहेर येतात. माझ्या जुन्या फ्लॅटच्या चौकटींवर माझ्या बोटांच्या सालपटांचे डाग होते.

मूठ काढा आणि दांडीचं हँडल लावा, जे कोपराने किंवा मनगटानेही खाली दाबता येतं. उंची जमिनीपासून ९०० ते १००० मिमी. आईंना उभं असताना आणि बसलेलं असताना, दोन्ही वेळा हात पोचतो का ते पाहूनच भोक पाडायला सांगा. सुताराला मोजमाप देऊन मोकळे होऊ नका, आईंना तिथे बसवा.

न्हाणीचं दार सर्वात महत्त्वाचं, आणि त्याचा तुम्ही उल्लेखही केला नाहीत. ते आत उघडत असेल तर आजच बदलायला घ्या. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि बाहेरच्याला उघडता येत नाही. बाहेर उघडणारं किंवा भिंतीला समांतर सरकणारं दार करा. सरकणारं केलंत तर ते वरच्या पट्टीला लटकणारं हवं, म्हणजे जमिनीवर खाच राहत नाही. कडी बाहेरूनही उघडता येणारी घ्या.

माशेलची_लेक | १९ जानेवारी, रात्री ८.५०

दोनचाकी दादा, न्हाणीचं दार आतच उघडतं. आई पडली त्या दिवशी भावाला खिडकीतून आत जावं लागलं होतं. तरीही लिहिताना ते सुचलं नाही बघा. मनापासून आभार.

पावळीखाली, आज दोरी आणि पाण्याची नळी घेऊन पातळी काढली. स्वयंपाकघराच्या बाजूला जमीन इतकी वर आहे की फरक फक्त दहा इंच!

चिरेबंदी | १९ जानेवारी, रात्री ९.३०

मग प्रश्नच मिटला. दहा फुटांचा रॅम्प. मागच्या दाराने आत घ्या आईंना.

माशेलची_लेक | २० जानेवारी, सकाळी ६.५५

मिटला नाही. आईला सांगितलं तर गप्प झाली. मग म्हणाली, "लग्न होऊन या घरात पुढल्या दाराने आले. आता माझ्याच घरात मागच्या दाराने येऊ?"

दोनचाकी_पर्वरी | २० जानेवारी, सकाळी ९.१०

आईंचं शंभर टक्के बरोबर आहे. मला कित्येक इमारतींत मालाच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारून आत नेलं गेलंय. 'सोय आहे की' असं म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींना सुगम्यता बंधनकारक केली, पण घरातल्या माणसाच्या मनाला लागतं ते कुठल्या कलमात बसत नाही. पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट (दिव्यांगांचा महोत्सव) झाला तेव्हा मी गेलो होतो. सगळ्यांसोबत, सगळे जातात त्या वाटेने आत गेलो. त्या दिवशीचं मला एवढं एकच नीट आठवतं.

चिरेबंदी, तो रॅम्प स्वयंपाकघरात न नेता सोप्यावर चढवता येणार नाही का?

चिरेबंदी | २० जानेवारी, दुपारी २.००

हे मला सुचायला हवं होतं. ताई, सोप्याची ती बाजू कठड्याने बंद आहे का? असेल तर चार फूट कठडा कापायचा, वरच्या बाजूने दहा फुटांचा रॅम्प सोप्यावर आणायचा आणि तिथून सोप्यावरूनच मुख्य दाराशी. दोन्ही कडांना हातधरणी. पृष्ठभागाला गुळगुळीत लादी नको, खरखरीत घासलेला कोबा करा.

फणसाचं_लाकूड | २० जानेवारी, रात्री १०.२०

खिडक्यांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. लाकूड सोडू नका. फणस, सागवान, माट्टी यांच्या चौकटी आमच्याकडे पन्नास-साठ वर्षं टिकल्यात. फुगलं म्हणजे बहुतेक वरची पावळी (छपराची बाहेर आलेली कड) आखूड झाली असेल किंवा खालची पट्टी पाणी धरून बसली असेल. कुजलेला भाग कापून जोड मारता येतो. प्लॅस्टिकची खिडकी बिघडली की अख्खी फेकायची.

काठावरचा_माड | २१ जानेवारी, सकाळी ८.००

दादा, तुमचं प्रेम समजतं, पण पेडण्याच्या किनाऱ्यावर राहून बघा. आमचं घर समुद्रापासून चारशे मीटरवर. लाकडाला दरवर्षी पॉलिश, दरवर्षी रंधा. शेवटी यूपीव्हीसी लावल्या. तिथेही फसलो, तेही सांगतो. खिडक्यांची पट्टी चांगली होती, पण एका विक्रेत्याने स्क्रू आणि बिजागऱ्या साध्या मारल्या. दोन पावसाळ्यांत गंजाचे तपकिरी ओघळ पांढऱ्या चौकटीवर. तिसऱ्या पावसाळ्यात बिजागरी हातात आली. आता सगळं ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं करून घेतलंय. खाऱ्या वाऱ्यात ३०४ प्रतीच्या स्टीललाही डाग पडतात. आणि यूपीव्हीसीच्या आत लोखंडी पट्टी असते, ती गॅल्व्हनाइज केलेलीच हवी. चौकट बसवण्याआधी कापलेलं टोक स्वतः बघा.

माशेल आत आहे, तुम्हाला मिठाचा एवढा त्रास नाही. पण खिडकीच्या खालच्या पट्टीला पाणी जायची भोकं बाहेरच्या बाजूला आहेत का ते बघाच. आमच्याकडे मिस्त्रीने सिलिकॉन मारताना तीच बुजवली होती.

उन्हाचा_हिशेब | २१ जानेवारी, दुपारी ३.४५

मी इमारतींच्या ऊर्जेवरच काम करते. ताईंचा शेवटचा प्रश्न 'इन्सुलेशन करतात का कुणी' हा होता, त्यावर जरा सविस्तर.

आईंच्या खोलीत उष्णता येते कुठून? दिवसभर सूर्य डोक्यावरून जातो आणि स्लॅब तापत राहतो. काँक्रीट उष्णता धरून ठेवतं आणि संध्याकाळनंतर ती खाली सोडत बसतं. रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून छताला हात लावा, कळेल. कौलारू भागात रात्री गार वाटतं, कारण कौल पातळ असतं, लवकर तापतं तसं लवकर निवतं, आणि फटींतून गरम हवा वर निघून जाते.

म्हणून पैसे आधी छतावर घाला. स्लॅबची गळती बंद करून, त्यावर ५० मिमी एक्सपीएस फोमचे बोर्ड, त्यावर उतार देऊन कोबा, आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतातून उष्णता वाहण्याची मर्यादा १.२ आहे, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरला १.२ वॅट. उघडा स्लॅब या मर्यादेच्या दुपटीहून वर जातो. ५० मिमी एक्सपीएस घातलं की आरामात खाली येतो. संहिता मोठ्या निवासी इमारतींसाठी आहे, पण आकडा आपल्या घरालाही उपयोगी.

दुसरी पायरी पश्चिमेच्या खिडकीवर सावली. ऊन काचेवर पडण्याआधीच अडवायचं. काचेतून आत शिरल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग नसतो, पडदा तापतो आणि खोलीतच तापतो.

कुळागरवाला | २१ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये पापड वाळत घालत नाहीत, सरळ भाजून खाली आणतात. :)

वारा_येऊ_दे | २१ जानेवारी, रात्री ९.००

उन्हाचा_हिशेब, मला हे पटत नाही. इन्सुलेशन थंड देशांचं. आपल्याकडे घाम वाळला पाहिजे, त्यासाठी वारा हवा. आपल्या पूर्वजांनी राजांगण ठेवलं, समोरासमोर जनेलं ठेवली ती उगीच नाही. तुम्ही फोम लावा, डबल काच लावा, घर डबाबंद करा आणि मग एसीशिवाय जगता येणार नाही.

उन्हाचा_हिशेब | २२ जानेवारी, सकाळी १०.३०

वारा हवाच, त्यात वादच नाही. दमट हवेच्या प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्या घराच्या चटई क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश असाव्यात असं तीच संहिता सांगते. पण छत इन्सुलेट केल्याने वारा कुठे अडतो? डोक्यावरची तापलेली भट्टी विझते, एवढंच. भिंतींना मात्र मी काही लावायला सांगणार नाही. जाड चिऱ्याच्या भिंतीवर पावळीची सावली असेल तर तिला तशीच राहू दे. बाहेरून प्लॅस्टिकचा रंग फासला तर आत शिरलेली ओल वाळत नाही.

डबल काचेबद्दल तुमच्याशी निम्मी सहमत. आपल्याकडे आत-बाहेरच्या तापमानातला फरक थोडा असतो, त्यामुळे एसी नसलेल्या खोलीत डबल काचेचे पैसे वसूल होत नाहीत. खोली रोज एसीवर चालत असेल किंवा शेजारी रस्त्याचा आवाज असेल तर विचार करा.

फणसाचं_लाकूड | २२ जानेवारी, दुपारी १२.१५

काचेचं निघालं म्हणून आठवलं. माझ्या आजोळी शिंपल्यांची जनेलं होती. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेल्या पातळ, दुधी चकत्या. दुपारी दोन वाजता खोलीत चांदणं पडल्यासारखा उजेड असायचा, डोळ्यांना ऊन म्हणून लागायचं नाही. एक चकती निसटली की आजोबा घरातल्या डब्यातून दुसरी काढून सरकवायचे. पर्वरीजवळ तोर्डाला गोव्याच्या घरांचं संग्रहालय आहे, तिथे जाऊन जुनी दारं-जनेलं मुलांना दाखवा. तो शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, चिखलीच्या खाडीत अजून सापडतो. म्हणजे नव्याने करायचा प्रश्नच नाही, आहेत ती जपायची.

पेडण्याची_सून | २२ जानेवारी, दुपारी ४.०५

आमच्याकडे सासरे दर मे महिन्यात माडाच्या चुडतांचे झाप विणून पावसाच्या बाजूच्या भिंतीला लावायचे. भिंत भिजायची नाही आणि खोली गारही. तेही इन्सुलेशनच की!

दोनचाकी_पर्वरी | २२ जानेवारी, रात्री ८.२०

गाडी खिडकीवर आणतो, कारण आईंनी जनेल स्वतः उघडायचं हे मूळ म्हणणं आहे.

सरकती दोन काचांची खिडकी निम्मीच उघडते. पाखांची जवळपास पूर्ण उघडते, वारा जास्त. पण बसलेल्या माणसाची अडचण वेगळी. पाख बाहेर उघडलं की ते परत ओढायला खिडकीतून वाकून हात लांब करावा लागतो. खुर्चीतून ते जमत नाही, आणि वॉकरवाल्या माणसाने करूच नये. शिवाय पाख बाहेर असलं की डासांची जाळी आत येते, म्हणजे आधी जाळी उघडा मग खिडकी. माझ्याकडे पाखं आत उघडतात आणि जाळी बाहेर आहे. हँडल एकच, खाली केलं की बंद, आडवं केलं की पाख आत उघडतं, वर केलं की वरून थोडं कलतं. भर पावसात कलतं ठेवलं तरी हवा येते. हँडल जमिनीपासून १२०० मिमीच्या आत घ्या. आणि खिडकीचा खालचा काठ खाली आणा. माझा ७०० मिमीवर आहे, बसून अंगणातला माड बुंध्यापासून दिसतो. आधी नुसत्या झावळ्या दिसायच्या.

माशेलची_लेक | २४ जानेवारी, रात्री १०.३५

सगळं वाचून काढलं, आईलाही वाचून दाखवलं. बुंध्यापासून माड दिसण्याचं ऐकून म्हणाली, "मग तुळसही दिसेल." खिडकीचा निर्णय तिथेच झाला. रॅम्प सोप्यावर, न्हाणीला लटकतं दार, स्लॅबवर फोम. कौलारू भागाच्या खिडक्या लाकडीच ठेवून दुरुस्त करतोय, स्लॅबच्या खोलीला यूपीव्हीसी.

राहिला उंबरठा. मुख्य दाराचा. माट्टीच्या लाकडाचा, मधोमध झिजून खोलगट झालेला. आई रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहते. "उंबरठा काढलात तर लक्ष्मीनं पाय कुठं ठेवायचा?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि काढला तर पाणी, साप, विंचू?

काठावरचा_माड | २५ जानेवारी, सकाळी ७.४०

दोन्ही बाजूंनी लाकडाचे उतरते तुकडे ठेवा. आम्ही काकांसाठी तसंच केलं.

दोनचाकी_पर्वरी | २५ जानेवारी, सकाळी ९.००

चार इंचांना दोन्हीकडे चार-चार फूट उतार लागेल, दारात. त्याहून छोटा केला तर खुर्ची मागे उलटते आणि वॉकरचे पाय अडखळतात. १२ मिमीपर्यंतची कड उतरती करून चालते, त्यावर नको.

पेडण्याची_सून | २५ जानेवारी, दुपारी २.५०

ताई, उंबरठा काढून टाकू नका, खाली उतरवा. तेच लाकूड, तीच जागा, पण जमिनीत खाच करून असं बसवायचं की वरचा पृष्ठभाग फरशीला समतल येईल. वाकता येत नसेल तर बाजूच्या चौकटीवर हळदकुंकवाची बोटं लावायची. आमच्या माहेरी आजीसाठी असंच केलं होतं. भटजींनी छोटी पूजा करून दिली.

चिरेबंदी | २५ जानेवारी, रात्री ९.१५

उत्तम. पाण्याचं मी बघतो. सोप्यावर छप्पर आहे, म्हणजे पाऊस थेट दारावर येणार नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येईल तेवढाच. सोप्याच्या फरशीला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्यायचा. दाराच्या बाहेर लगेच चार इंच रुंद पन्हळ, तिच्यावर स्टीलची जाळी. जाळीच्या फटी खुर्चीच्या वाटेला आडव्या हव्यात आणि बोटभरापेक्षा बारीक, नाहीतर पुढचं छोटं चाक अडकतं. पन्हळीचं पाणी थेट अंगणात काढायचं, शोषखड्डा वगैरे भानगड नको.

दाराच्या खालच्या कडेत खाच करून उतरती रबरी पट्टी बसवतात. दार बंद झालं की पट्टी जमिनीला टेकते, उघडलं की वर जाते. पाणी, विंचू, एसीची गार हवा, तिन्हींचा बंदोबस्त. उंबरठा उचलताना माट्टीला खालून वाळवी लागली आहे का ते बघा आणि परत बसवण्याआधी तिन्ही बाजूंना औषध मारा.

स्लॅबचं काम एप्रिलमध्येच संपवा. फोम घालण्याआधी गच्चीवर ४८ तास पाणी साठवून गळती तपासा. फोमखाली गळती राहिली तर नंतर जागा सापडत नाही.

वारा_येऊ_दे | २६ जानेवारी, सकाळी ८.३०

उतरत्या पट्टीबद्दल पहिल्यांदाच ऐकलं. छताचंही पटलं. फोम लावा ताई, पण आईंच्या खोलीला समोरासमोर जनेल ठेवाच.

माशेलची_लेक | २१ जून, संध्याकाळी ७.०५

पाच महिन्यांनी परत आले. काम मेअखेर संपलं. उंबरठा जमिनीत बसला, लाकूड ठणठणीत निघालं. मधली झीज तशीच ठेवली आहे. सुतार रंधा मारायला निघाला होता, आईने थांबवलं. तिथे सासूबाईंचे पाय आहेत म्हणाली. सर्वात खोल जागी मोजून ९ मिमी, वॉकर अडखळत नाही.

स्लॅबखालची खोली बदलली. मे महिन्यात रात्री दहानंतर एसी बंद करून दोन्ही जनेलं उघडून पंख्यावर झोपत होती. वारा_येऊ_दे, समोरची खिडकी ठेवली बरं का.

पाऊस सुरू झाला त्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते. खटका वाजला म्हणून पाहायला गेले तर आई सोप्यावर, खुर्चीत, एकटी. मनगटाने हँडल दाबून दार उघडलं होतं आणि पन्हळीतून धावणारं पाणी बघत बसली होती.

एक अडचण आहे. मुख्य दाराच्या डाव्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बाजूला, जोराच्या सरीत पाच-सहा थेंब आत येतात.

चिरेबंदी | २१ जून, रात्री ८.४०

दाराच्या त्याच कडेला, अगदी खाली, एक छोटं बटण दिसेल. ते पट्टी उतरवतं. ते स्क्रूसारखं बाहेर काढा, अर्धा फेरा, जास्त नको. मग दाराखाली कागद ठेवून दार लावा. कागद ओढताना अडला पाहिजे.

माशेलची_लेक | २२ जून, सकाळी ७.२०

केलं. दोन्ही कोपऱ्यांत कागद अडतोय. रात्रभर पाऊस होता, फरशी कोरडी.